मागच्या चाकाला लागलेला हात

भूत इंजिनाची सीसी बघून धरतं का, हा प्रश्न मी वळणाजवळच्या चहाच्या टपरीवर विचारला तेव्हा माणसं हसली आणि मग एकदम गप्प झाली. हसणाऱ्याशी भांडता येतं. गप्प झालेल्याशी कसं भांडायचं?

नारायणगाव सोडून ओझरकडे निघालं की थोड्या वेळानं रस्ता कालव्यापाशी येतो आणि डावीकडे असा वळतो, की पुढचं काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना ऊस. दसऱ्याला आमच्या भागातली पोरं गाडी धुऊन, हार घालून ओझरच्या गणपतीला नेतात, आणि दसऱ्याला त्या वळणावर गाड्या पडतात. ट्रॅक्टर पडत नाही. टेम्पो पडत नाही. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवलेली साधी मोटारसायकलसुद्धा पडत नाही. पडतात त्या मोठ्या गाड्या, रुंद टायरच्या, ज्यांचा आवाज गाडी दिसण्याआधी शिवारात पोचतो. एरवी वर्षभर त्याच गाड्या तिथनं सुरळीत जातात.

जागा वाईट आहे, म्हणतात. जागेला गर्व चालत नाही, म्हणतात. वळणाचा साधा फलक तिथं कुणाला लावावासा वाटला नाही, पण बाभळीला काळ्या बाहुल्या बांधायला मात्र माणसं लांबून आली. मला दोघांचाही राग येतो. फलक न लावणाऱ्यांचा जास्त, कारण त्यांना त्याचा पगार मिळतो.

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढणाऱ्या एका छोट्या गटात काम करते. एक पान, ठळक मथळा, लहान वाक्यं, शेवटी एक प्रश्न. त्या वळणावर पत्रक काढायचं माझ्या मनात कधीपासून होतं. अडचण एकच होती. भूत नाही, हे मी छातीठोक लिहू शकत होते. मग गाड्या का पडतात, हे मला लिहिता येत नव्हतं. आणि अर्धं पत्रक म्हणजे थाप.

माझ्या दादाचा जिवलग मित्र तिथंच गेला.

आम्ही कळंबचे. आमचं घर बौद्धवस्तीत, त्याचं मळ्यात. जुनं शेतकरी घराणं, चांगली जमीन. माझे आजोबा त्या घराच्या पायरीखाली उभं राहून बोलायचे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच अंगणात घडलं आणि तोवर दादाला त्या घरात पायरी दाखवायची कुणाची हिंमत उरली नव्हती. दोघं शाळेपासून एका ताटात जेवायचे. दोघांनाही गाड्यांचं वेड. दादा चाकणला कारखान्यात लागला आणि साध्या गाडीवर थांबला. मित्रानं साडेसहाशे सीसीची लाल गाडी घेतली. पहिल्याच दसऱ्याला ती ओझरला निघाली. गाडी घसरत उसात गेली, तिला फार लागलं नाही. तो कालव्याच्या कठड्यावर गेला.

पोलिसांकडून गाडी परत आली तेव्हा त्याच्या आईनं ती कांद्याच्या रिकाम्या बराखीत उभी केली आणि वर ताडपत्री घातली. त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. धुतली नाही, विकली नाही. कांदा दुसरीकडे ठेवू लागले.

मग काही वर्षांनी, पावसाळा सरता सरता, त्याच्या आईनं, आमच्या काकूंनी, दादाला बोलावून घेतलं. मीही बरोबर होते.

"गाडी ओझरला पोचलीच नाय," काकू म्हणाल्या. "त्याची फेरी अर्ध्यात राहिली. या दसऱ्याला तू तिला पोचव. मग मी देऊन टाकते कुणाला पायजे त्याला."

दादा लगेच हो म्हणाला. मी घरी येऊन त्याच्याशी कडाकडा भांडले. तो म्हणाला, तूच गावभर पत्रकं वाटत फिरतीस ना भूत नसतं म्हणून? मग आता कशाला टरकलीस?

"भूत नसतं," मी म्हणाले. "वळण असतं."

शेवटी ठरलं असं, की गाडी जायचीच असेल तर धड टायरवर जायची. ते टायर कोणते, हे मी बघणार. दादा जिवंत परत यायला हवा, एवढंच मला कळत होतं, आणि गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये टायरशिवाय दुसरं काही नसतं.

त्याआधी मी एका दुपारी वळणावर जाऊन आले. स्कूटर लावली आणि चालत गेले. ऊन कडक होतं, वारा अजिबात नव्हता, तरी उसाची पानं एकमेकांना घासल्यासारखा आवाज येत होता. मी थांबले की तोही थांबायचा. बाभळीला बाहुल्या होत्या, सुकलेली लिंबं होती, आणि कुणीतरी गाडीचा तुटका आरसा तारेनं टांगला होता. तो आपोआप फिरत होता. त्यात मी दिसायचे, मग ऊस दिसायचा, मग परत मी. रस्त्यावर जुने घसरल्याचे ओरखडे होते. मग मी नीट बघितलं. सगळे ओरखडे जवळपास एकाच ठिकाणी सुरू होत होते, वळण जिथं खरं वळायला लागतं तिथं. आणि डांबर तिथं चांगलं होतं. खडी नाही, वाळू नाही, खड्डा नाही. मी बसून हात फिरवला. कोरडं, खरखरीत, गरम.

राजुरीचा एक जण तिथं पडून वाचला होता. त्याच्या पायात सळई आहे. मी त्याच्या घरी गेले. बोलायला मोकळा, टिंगलखोर माणूस. मला म्हणाला, ताई, तुमच्या पत्रकात माझा फोटो छापणार असाल तर पाय लपवून छापा, लग्न ठरायचंय अजून. पण वळणाचं विचारलं तसा त्याचा चेहरा पडला.

"मी लई वेळा पडलोय. पडायच्या आधी गाडी सांगती, थरथरती. हितं काय सांगितलंच नाय. हायवेनं मस्त आलो, वळणावर गाडी कलती केली, आन् मागचं चाक कुणीतरी बाजूला सारलं."

सारलं म्हणजे काय, मी विचारलं.

"हातानं. हात व्हता, ताई. मऊ हात व्हता."

मी हे उडवून लावलं असतं. पण जुन्नरचा दुसरा एक जण, आधल्या कुठल्यातरी दसऱ्याला पडलेला, फोनवर मला नेमकं हेच म्हणाला होता. हात. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. त्या दिवशी घरी येताना मी स्कूटर फार हळू चालवली आणि आरशात मागं बघत राहिले. लिहायला लाज वाटते, पण बघत राहिले.

मंचरच्या बाहेर हायवेला एक टायरवाला आहे, मोठ्या गाड्यांचे टायर मागवून देतो. दादानं बराखीतली गाडी टेम्पोत घालून तिथं नेली. त्याचं म्हणणं, जुने टायर चाललेतच किती, खाचा सगळ्या शाबूत आहेत, कशाला बदलायचे? मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. रबर न चालताही म्हातारं होतं. नख रोवलं तर रुतेना.

टायरवाला दादाशीच बोलत होता. ताईंना काय कळतंय यातलं, असं त्यानं हसत हसत म्हणून घेतलं. मी म्हणाले, मला वाचता येतं, आणि टायरवर सगळं लिहिलेलं असतं. मग तो माझ्याशी बोलायला लागला.

त्यानं तीन प्रकारचे टायर भिंतीला टेकवून ठेवले. पहिला शर्यतीच्या टायरचा भाऊ शोभावा असा, अगदी मऊ, खाचा जेमतेम. टायरवाल्याला तोच खपवायचा होता. भाऊ, डिंकासारखा चिकटतो रस्त्याला, असं तो म्हणाला, आणि दादाचे डोळे लकाकले. मी विचारलं, तापल्यावर चिकटतो की थंड असताना पण? तो म्हणाला, तापल्यावर. कळंबपासून ओझरपर्यंत शहाण्या माणसाच्या वेगानं तो तापणार का? यावर तो दादाकडे बघायला लागला. दुसरा टायर लांबच्या प्रवासाचा, कडक, खोल खाचांचा, बैलगाडीच्या चाकासारखा प्रामाणिक. तो वर्षानुवर्षं झिजणार नाही, पण दादाला ती गाडी वर्षानुवर्षं चालवायचीच नव्हती. तिसरा मधला. त्याचं रबर दोन तऱ्हेचं: मधला पट्टा कडक, दोन्ही काठ मऊ.

मोठ्या गाडीचा मागचा टायर पाठीला गोल असतो. गाडी सरळ चालते तेव्हा फक्त मधला पट्टा रस्त्याला लागतो. काठ लागतात ते गाडी झुकली की. म्हणून मध्ये टिकाऊ आणि काठाला चिकट. हे गणित मला पटलं. मी तिन्ही टायरवर तळवा दाबून पाहिला, अंगठ्यानं काठ चेपून पाहिले, खाचांत बोट घातलं, तारखा वाचल्या. दादा कंटाळून म्हणाला, "टायर घ्यायचाय का तुला नवरा बघायचाय?"

"नवऱ्यावर तारीख छापलेली नसते," मी म्हणाले. तिसरा ठरला. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, थोडा चालवून त्याचं अंग खरखरीत करावं लागतं, म्हणून दसऱ्याआधी दादानं गाडी मळ्याच्या रस्त्यावर आठाचे आकडे काढत फिरवायची, हेही ठरलं. त्यानं ते नीट केलं.

जुना मागचा टायर काढून बाजूला टाकला होता. निघताना माझी नजर त्याच्यावर गेली. मधला पट्टा फिकट, रस्त्याच्या रंगाचा. दोन्ही काठ मात्र काळेभोर, आणि त्यांच्यावर बारीक धूळ अशी बसलेली, जशी ओल्या गोष्टीवर बसते. मोठ्या गाड्यांवरची पोरं काठ न झिजलेल्या टायरला हसतात, भित्र्याचा टायर म्हणतात, तसे ते काठ कोरे होते. फक्त डाव्या काठावर एका जागी कोयरीएवढा डाग पुसलेला. तेवढाच भाग दादाचा मित्र शेवटचं झुकला तेव्हा रस्त्याला लागला होता. मी तिथं बोट ठेवलं. मग शेजारच्या काळ्या भागावर ठेवलं. बोट सरकलं. हाताला कसलातरी खवट वास आला, ओळखीचा, घरातला, आणि त्या रबर-पेट्रोलच्या वासाच्या दुकानात तो इतका चुकीचा होता, की मी हात ओढणीला पुसून टाकला आणि कुणाला काही बोलले नाही. रात्री जेवतानाही तो वास बोटाला होता. काय होता ते आठवेना.

दसरा आला. आमच्याकडे तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. सकाळी विहारात वंदना झाली, आणि पांढऱ्या कपड्यांतच मी मळ्यात गेले. दादा माझ्या आधी पोचला होता. अंगणात गाडी स्टँडवर उभी, धुतलेली, झेंडूचा हार घातलेली. दादा हेल्मेटची पट्टी सारखी करत होता. काकू मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. एका हातात फडकं, त्यांच्या लेकाचा जुना शर्ट फाडून केलेलं. दुसऱ्या हातानं त्या चाक हळूहळू फिरवत होत्या. चाक आवाज न करता फिरत होतं आणि टायर ओल्या म्हशीच्या पाठीसारखा चमकत होता.

आमच्याकडे हे सगळे करतात. दसऱ्याला गाडी धुतली की टायर काळेकुळकुळीत दिसायला हवेत. कुणी दुकानातली चकाकीची बाटली आणतो, कुणी जळकं ऑइल लावतो. घरातली बाई असेल तर देवघरातलं, चांगलं, खोबरेल.

वास आला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. तोच वास. फक्त ताजा.

मग सगळं एकदमच समजलं. कळंबहून नारायणगावपर्यंत हायवे. गाडी सरळ. मधल्या पट्ट्याचं तेल रस्ता पुसून घेतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं टायर चांगला धरतोय. काठांचं तेल तसंच. साधी गाडी तेवढ्या वेगानं जात नाही, एवढी झुकतच नाही. मोठी गाडी झुकते, आणि पहिल्यांदा खरी झुकते ती कालव्याच्या वळणावर.

मी दादाला म्हणाले, गाडी काढू नकोस. का, म्हणून त्यानं विचारलं आणि मी सांगितलं. जसं पत्रक लिहिते तसं सांगितलं, एकामागून एक, ठासून. मधला पट्टा. काठ. तेल. दसऱ्याचाच दिवस का. मोठ्याच गाड्या का. राजुरीच्या माणसाला लागलेला तो मऊ हात कोणाचा. माझं बोलून झालं तेव्हा चाक फिरायचं थांबलं होतं.

काकूंचा हात टायरवर तसाच होता.

"त्या वर्षीबी मीच लावलं व्हतं," त्या म्हणाल्या.

दादा पुढं झाला. काकू, तसं नसतं, त्याचा वेग लई असायचा, असं काहीतरी बोलायला लागला. काकूंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वाटी त्यानंच आणून दिली. आई, चकचकीत कर म्हणला."

त्या दिवसापासून मला पुष्कळांनी सांगितलं, की तू जरा सांभाळून बोलायला हवं होतं. कसं सांभाळून? माझा भाऊ त्या गाडीवर बसणार होता. मला चीड आली ती त्या चालीची, फलक न लावणाऱ्यांची, चकाकीची बाटली विकून त्यावर एक ओळ इशारा न छापणाऱ्यांची. पण अंगणात यांतलं कुणीच नव्हतं. अंगणात एक बाई होती आणि तिचा तेलकट हात.

काकू उठल्या. आत जाऊन गरम पाणी आणि भांडी घासायची पावडर घेऊन आल्या आणि टायर घासायला बसल्या. आम्ही मदतीला गेलो तर त्यांनी दादाला कोपरानं बाजूला केलं. खाचाखाचांतून त्यांनी बोटं घातली. पुन्हा पाणी, पुन्हा पावडर. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी मी माझी पांढरी ओढणी काढली आणि काठावर दाबून फिरवली. काळा डाग आला. त्यांनी परत घासलं. मी दुसरं टोक फिरवलं. असं करत करत एकदा ओढणी कोरडी निघाली, फक्त रबराची राखाडी छटा घेऊन. मी त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी हुंगली आणि मान हलवली.

"मला तिथं ने," त्या मला म्हणाल्या.

त्यांनी ते वळण कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना स्कूटरवर बसवून पुढं निघाले. दादानं थोड्या वेळानं, सावकाश यायचं होतं. वळणावर काकू उतरल्या, बाभळीकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, कठड्याकडे मात्र पाठ केली. आणि जिथं सगळे ओरखडे सुरू होत होते तिथं, मी न दाखवता, बरोबर जाऊन उभ्या राहिल्या.

आधी आवाज आला. त्याच गाडीचा आवाज. काकूंनी डोळे मिटले आणि मला क्षणभर वाटलं, आता उसातून जी गाडी येईल तिच्यावर दादा नसेल. मला, पत्रकं वाटणाऱ्या मला, हे वाटलं. गाडी आली, झुकली. तिचा डावा काठ डांबराला लागला आणि धरून राहिला. ती काकूंच्या हाताच्या अंतरावरून गेली तेव्हा त्यांचा हात उचललेला होता, चाकावर ठेवावा तसा, हवेत. दादा वळण घेऊन पुढं गेला. ओझरला पोचल्याचा त्याचा फोन आला. गाडी पोचली.

फोन ठेवते तोवर मागून दुसरी मोठी गाडी येताना दिसली. अनोळखी पोरगा, हँडलला हार, टायर चमचम करणारे. काकू रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि त्यांनी हात आडवा केला. पदर डोक्यावर, केस सुटलेले, हात कोपरापर्यंत काळे. पोरानं कचकन ब्रेक मारला. काकू वाकल्या, त्याच्या मागच्या चाकावरून तळवा फिरवला, हुंगला.

"धुऊन घे, बाळा," त्या म्हणाल्या. "नायतर हळू जा."

पायानं गाडी ढकलत ढकलत वळण पार केलं त्यानं, मागं न बघता.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी तेलाचं पत्रक काढलं. एक पान, ठळक मथळा. बऱ्याच जणांनी घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि घरी जाऊन टायरला तेल लावलं असणार. त्याच टपरीवर पत्रक वाटताना एक जण मला म्हणाला, तेलाबिलाचं राहू द्या ताई, तुम्हाला खरं माहीत नाय. दसऱ्याला त्या वळणावर एक बाई उभी राहती. मोठ्या गाडीला हात करती. वाकून मागच्या चाकाला हात लावती आन् हुंगती. तिचा पोरगा तिथंच गेला, तीबी त्याच्या मागनं गेली म्हणतात. तिनं धू म्हणलं आन् ऐकलं नाय, तर पुढचं तुमचं तुमी बघा.

"त्यानंतर कुणी पडलं का?" मी विचारलं.

"नाय. आता गावातली पोरं तिथं गाडी चालवतच नायत. ढकलत नेतात."

काकू त्या वेळी मळ्यात कांदा निवडत होत्या. बराखीत पुन्हा कांदा भरला होता. मला त्या माणसाला हे सांगता आलं असतं. ती बाई जिवंत आहे, तिचं गाव मला माहीत आहे, तिच्या हातचं मी जेवते, हे एका पानात ठळक छापता आलं असतं. मी चहा संपवला आणि उठले.

यंदाही दसऱ्याला काकूंना मीच घेऊन गेले. पिशवीत पाण्याची बाटली, पावडर, फडकी. फलक अजून नाही. वळणाच्या अलीकडे त्या उतरतात, पदर डोक्यावर घेतात आणि आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहतात. लांबून हायवेच्या बाजूनं आवाज यायला लागतो, आधी बारीक, मग जाड. ऊस हलायचा थांबतो. मी स्कूटर घाईनं उसाच्या आड घालते आणि खाली बसते, म्हणजे रस्त्यावर त्या एकट्याच दिसतील.